पडदा काळा, यंत्र जागे

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि घरोघरच्या जुन्या पण धडधाकट संगणकांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. ते भंगारात देण्याऐवजी त्यांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवणे हा शहाणपणाचा मार्ग होय. मात्र काही दिवसांनी पडदा मधूनच काळा पडू लागला, की पहिला दोष विजेला आणि दुसरा लिनक्सला दिला जातो. विजेचा संशय लगेच फिटतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याचा वीजपुरवठा कोसळला, तेव्हा लोकल गाड्याही थांबल्या होत्या. येथे डोक्यावरचा पंखा फिरत असतो, सीपीयूची घरघर चालू असते. अंधार केवळ पडद्यावर असतो.

अशा वेळी हात पॉवरच्या बटणाकडे जातो आणि तासाभराचा हिशेब बुडतो. त्याआधी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जागे आहे. मग कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या, तर नाव दिलेली फाइल न दिसताही बहुधा जतन होते. दिवा हलेनासा झाला असेल, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबावीत. त्यामुळे डिस्कवरील नोंदी सांभाळून संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. न जतन केलेला मजकूर मात्र वाचत नाही.

हात स्वस्थ असतानाच पडदा विझत असेल, तर तो बिघाडच नव्हे. उबुंटूत पाच मिनिटांनी पडदा मालवण्याची सोय मुळातच असते. विझलेल्या पडद्यावर टॉर्च धरल्यास पुसटसे चित्र दिसले, तर मॉनिटरच्या आतील प्रकाश गेला, असे समजावे.

सर्वांत चमत्कारिक कारण खुर्चीत दडलेले असते. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून माणूस उठला किंवा तीवर बसला, की तिच्या धातूच्या भागांत साठलेला स्थितिक विद्युतभार एकदम सुटतो. त्याचा झटका जवळून गेलेली एचडीएमआय केबल टिपते आणि पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. हे ऐकून घरात हसू होते, पण उठबस करून पाहिल्यास खात्री पटते. फ्रिज किंवा मिक्सर सुरू होतानाही असेच घडू शकते. आखूड, चांगल्या वेष्टनाची केबल घ्यावी आणि ती खुर्चीपासून दूर न्यावी. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असूनही अर्थिंगची तार जोडलेली नसते. सीपीयूच्या पत्र्याला हात लागताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर आधी वायरमनला बोलवावे.

खुर्ची निर्दोष ठरली, तर लिनक्सची रोजनिशी उघडावी. पडदा गेला ती वेळ मिनिटासह कागदावर लिहून ठेवावी. नंतर टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. संगणक मध्यंतरी पुन्हा सुरू केला असल्यास तिच्यापुढे वजा-बी आणि वजा-एक जोडावे, म्हणजे मागील सत्राच्या नोंदी दिसतात. त्या मिनिटाशी ‘हँग’, ‘टाइमआउट’ किंवा ‘रीसेट’ असे शब्द ग्राफिक्सच्या नावासह आढळले, तर संशय ड्रायव्हरवर जातो. सुरुवातीच्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडून दोन दिवस काम करावे. काळोख थांबला तर दोष नव्या कर्नलकडे. नोंदी सुरळीत पुढे चालू असतील, तर केबल किंवा मॉनिटर पाहावा. त्या मध्येच तुटल्या असतील, तर यंत्र गोठले तरी असेल किंवा एसएमपीएस थकला असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, ड्रायव्हर आणि रॅम एकाच दुपारी बदलणाऱ्याला दोष कशात होता ते कळत नाही. आज्ञांची भीती वाटत असल्यास आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर संगणक दुरुस्तीला जातो. तिथे तो चार दिवस बिनतक्रार चालतो आणि ‘काही दोष नाही’ या शेऱ्यासह परत येतो, कारण केबल, खुर्ची आणि सॉकेट तिन्ही घरीच राहिलेली असतात. म्हणून सीपीयूबरोबर निदान आपली केबल आणि वेळा टिपलेला तो कागद न्यावा.