मतांचा कौल आणि कापसाचा भाव



महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि २३ तारखेला निकाल लागला. २८८ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. तिघांची बेरीज २३०. समोरच्या बाजूला उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला १०. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल बरोबर उलटा होता. ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला. कांदा, सोयाबीन आणि कापूस यांच्या भावाने आपल्याला मारले, हे तेव्हा सत्ताधाऱ्यांनीही कबूल केले होते.

मतदार तेच, शिवार तेच आणि कापसाचा भावही फारसा हललेला नाही. मग सहा महिन्यांत एवढे काय फिरले? शहरातल्या पंडितांनी लगेच उत्तर दिले, की महिन्याला दीड हजार मिळाले आणि शेतकरी विकला गेला.

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ज्या बाईने उन्हातान्हात बोंडे वेचली, त्या बाईच्या नावाने घरात कधी पैसा आला नव्हता. कापसाची पट्टी धन्याच्या नावाने, सातबारा धन्याच्या नावाने, कर्ज मात्र दोघांच्या डोक्यावर. तिच्या खात्यात दीड हजार आले, ना दलाली, ना कटती, ना हमाली. त्याची तिने आठवण ठेवली यात तिचे काय चुकले? आणि या योजनेला खिरापत म्हणणाऱ्यांनी प्रचारात काय केले? महायुतीने २,१०० म्हणताच आघाडीने ३,००० म्हटले. सोयाबीनला एकाने सहा हजार सांगितले, दुसऱ्याने सात हजार. कर्जमाफी दोघांच्याही जाहीरनाम्यात होती. बाजार समितीत आपल्या मालावर अशी चढी बोली लागली असती, तर निवडणुकीची वाट पाहावी लागली नसती.

आता आपण आपला हिशेब मांडू. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत दिली. मतदानाच्या तोंडावर ती खात्यावर पडू लागली. दोन हेक्टरवाल्याला १०,००० मिळाले. त्याच शेतकऱ्याला कोरडवाहूत वीस क्विंटल कापूस झाला आणि हमीभावापेक्षा क्विंटलमागे पाचशे रुपये कमी घेऊन तो खेडा खरेदीत द्यावा लागला, तर त्याचे १०,००० गेले. आले तेवढेच गेले. फरक इतकाच, की आलेल्या पैशाबरोबर फोटो छापला जातो, गेलेल्या पैशाची पावतीही मिळत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. हमीभावावर २० टक्के अनुदान देऊ, असे महायुतीच्या वचनात होते. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. त्याचे वीस टक्के म्हणजे क्विंटलमागे सुमारे १,५०० रुपये. वीस क्विंटलला ३०,०००. तो हंगाम या अनुदानाशिवाय संपला. कर्जमाफीचे म्हणाल, तर माफीच्या आशेवर थांबलेल्यांना मार्च २०२५ च्या अखेरीस तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा असे जाहीर सांगितले. जे थांबले ते थकबाकीदार झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे ३० जून २०२६ च्या आत निर्णय घेऊ असा शब्द सरकारने दिला. मताने जो शब्द पाळून घेता आला नाही, त्याला तारीख पडली ती रस्त्यावर.

यातला मुख्य मुद्दा नीट ध्यानात घ्या. आपण मत देतो मुंबईच्या विधानसभेसाठी आणि आपला भाव ठरतो दिल्लीत. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. कापसावरचे आयात शुल्क केंद्र सरकार लावते आणि काढते. ११ टक्क्यांचे हे शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले गेले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. त्यासाठी विधानसभेत ना चर्चा लागली, ना मतदान. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत खोट पुष्कळ होती, कपाती होत्या, चुकाऱ्याला विलंब होता. ती पुन्हा यावी असे आम्ही म्हणत नाही. पण त्या काळात भावाचा जाब कुणाला विचारायचा हे तरी ठाऊक होते. आज आमदार दिल्लीकडे बोट दाखवतो आणि दिल्ली परदेशाच्या बाजाराकडे.

मग आमदाराच्या हाती काहीच नाही का? आहे. खरेदी केंद्र किती उघडायची, कुठे आणि कधी, यासाठी राज्याने जोर लावायचा असतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून गाडी परत पाठवली, तर सुकवायला जागा देणे बाजार समितीला जमते. पीककर्ज वेळेवर वाटायला लावणे राज्याच्या हाती आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज फुकट झाली, चांगले झाले. पण ज्याच्या शेतात विहीरच नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या फुकट विजेचे काय? त्याच्या वाट्याचे काय, हा प्रश्न विधानसभेतच विचारायचा आहे. आणि ज्वारी? २०२४-२५ साठी मालदांडीचा हमीभाव ३,४२१ रुपये होता. एवढ्या सभा झाल्या, पण ज्वारीचे नाव आमच्या कानावर आले नाही. सरकारी खरेदीवाचून हमीभाव म्हणजे भिंतीवरचा भाकरीचा फोटो.

आणखी एक. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात असा प्रघात. या निकालात एकाही विरोधी पक्षाला तेवढे मिळाले नाहीत. आत विचारणारे थोडे असतील, तर बाहेर विचारणारे जास्त हवेत. २३० चा आकडा आपल्या विरोधात आहे असे समजून खचू नका. त्या २३० पैकी बहुतेकांना आपल्याच गावांतून मते गेली आहेत आणि पुन्हा मागायला त्यांना तिथेच यायचे आहे.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना हात हलवत येऊ नका. प्रत्येक गावाने एक वही आणावी. डाव्या पानावर आपल्या आमदाराने गावात येऊन दिलेला शब्द, तारखेसह. उजव्या पानावर काय झाले ते. विकलेल्या कापसाच्या पट्ट्या आणि पावत्या सोबत आणा. ज्यांच्याकडे पावती नाही, त्यांनी वजन, भाव आणि दिवस लिहून आणावा. बायकांनी आपले पान आपणच लिहावे, दीड हजारातून काय भागले आणि काय राहिले ते. या वह्या एकत्र करून आपण आमदारांना बैठकीला बोलावू. जे येतील त्यांच्यासमोर वाचू, जे येणार नाहीत त्यांच्या दारात जाऊन वाचू.

मत एका दिवसात देऊन होते. त्याची वसुली पाच वर्षे करायची असते.