१३व्या वर्षी कोटीचा करार, २०व्या वर्षी पहिला लेदर बॉल: शाळकरी क्रिकेटपटूंची तुलना करायची कशी?

नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. बिहारच्या १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सनं १ कोटी १० लाखांना घेतलं. विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे मात्र कुणालाच नको होता. पुढे ऋतुराज गायकवाड जखमी झाला म्हणून चेन्नईनं आयुषला ३० लाखांत बोलावलं.

आता २०२५च्या आयपीएलचे आकडे पाहा.

वैभव: ७ सामने, २५२ धावा, स्ट्राइक रेट २०६.
आयुष: ७ सामने, २४० धावा, स्ट्राइक रेट १८९.

वैभवनं त्यात गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं, हे खरंच. पण किमतीत जवळपास चौपट फरक होता आणि धावांत फरक फक्त १२चा. तेव्हापासून सोशल मीडियावर एकच वाद सुरू आहे: दोघांत भारी कोण?

एकाच दौऱ्यात दोन उत्तरं

२०२५च्या उन्हाळ्यात दोघंही १९ वर्षांखालील संघातून इंग्लंडला गेले. आयुष कर्णधार होता. पाच वनडेंच्या मालिकेत वैभवनं ३५५ धावा काढल्या, त्यात वूस्टरला ७८ चेंडूंत १४३. आयुषच्या मालिकेत धावा झाल्या २७.

मग दोन युवा कसोटी झाल्या आणि चित्र उलटलं. आयुषनं दोन शतकांसह ३४० धावा केल्या, वैभवनं ९०.

म्हणजे वनडे पाहणाऱ्याला वैभव पुढे वाटेल, कसोटी पाहणाऱ्याला आयुष. दोघंही बरोबर आणि दोघंही अर्धवट. शिवाय आयुष वैभवपेक्षा पावणेचार वर्षांनी मोठा आहे. या वयात तेवढ्या काळात शरीर आणि डोकं दोन्ही बदलतं.

मग आकडे कसे वाचायचे?

पहिली गोष्ट, समोर कोण होतं? आयुषनं विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध १८१ धावा केल्या, रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६. आकडे जवळजवळ सारखे, पण गोलंदाजी सारखी नव्हती.

दुसरी गोष्ट, जन्म कधीचा? बीसीसीआयच्या वयोगटांची कटऑफ तारीख १ सप्टेंबर आहे. त्यामुळे सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात खेळतात. १४व्या वर्षी हा ११ महिन्यांचा फरक उंचीत, ताकदीत आणि वेगात दिसतो. निवडसमितीला तो 'टॅलेंट' वाटू शकतो. १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासलं जातं. त्यातून खोटं वय पकडता येतं. पण जो मुलगा फक्त लवकर वाढलाय, त्याचा फायदा तसाच राहतो.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. अमेरिकेत तर या तुलनेचा मोठा उद्योगच आहे. तिथे हायस्कूलमधल्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंना पाचपैकी तारे दिले जातात. लांब धावत जाऊन पास झेलणारा 'वाइड रिसीव्हर' असेल, तर उंची, ४० यार्डांची धाव, हातांची पकड असं सगळं मोजलं जातं. त्यावरून कॉलेजं शिष्यवृत्ती देतात. तरीही कूपर कप नावाचा रिसीव्हर त्यांच्या नजरेतून सुटला. मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही म्हणून तो ईस्टर्न वॉशिंग्टनला गेला. फेब्रुवारी २०२२मध्ये तोच सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

विदर्भाचं उदाहरण काय सांगतं?

असाच एक खेळाडू आपल्याकडेही आहे. खापरखेड्याचा उमेश यादव, वडील कोळसा खाणीत कामाला. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलच खेळत होता. १५व्या वर्षी कुणी यादी काढली असती, तर त्यात त्याचं नाव नसतंच. नोव्हेंबर २००८मध्ये त्यानं रणजी पदार्पण केलं आणि २०११मध्ये तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. पुढे ५७ कसोटींत १७० बळी घेतले.

वर्ध्यात जन्मलेल्या दर्शन नळकांडेचं नावही इथे घ्यायला हवं. २०२१च्या मुश्ताक अली उपांत्य सामन्यात त्यानं कर्नाटकविरुद्ध सलग चार चेंडूंत चार बळी घेतले.

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की आधी जामठ्याचं स्टेडियम लागतं. बुटीबोरी मागे टाकून पुढे गेलं की टेकडीवरच्या गणपतीचं केळझर येतं. अंतर फार नाही, पण टेनिस बॉलच्या मैदानापासून टर्फ विकेटपर्यंत पोहोचायला लेदर बॉल, किट, रोजचं बसभाडं आणि सोबत जाणारं कुणीतरी लागतं. नागपुरातल्या मुलाच्या नावापुढे ४० सामन्यांचे आकडे असतील, केळझरच्या मुलाच्या नावापुढे चार. अशा वेळी तुलना दोन मुलांची होत नाही, त्यांना मिळालेल्या संधींची होते.

पालकांनी काय करावं?

दहावीची शाळा सोडवून, कर्ज काढून मुलाला अकादमीत टाकण्याआधी रीलमधल्या सिक्सरपलीकडे पाहायला हवं. तो मोठ्या वयाच्या मुलांसमोर टिकतो का? एकाच चुकीवर सतत बाद होतो, की ती सुधारतो? गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेलाय का? ही तुलना त्याची त्याच्याशीच आहे आणि ती शाळा न सोडताही करता येते.

निवडणाऱ्यांचं कामही १४व्या वर्षीच्या यादीवर संपत नाही. १८व्या, २०व्या वर्षी येणाऱ्यांसाठी दार उघडं राहिलं, तरच पुढचा उमेश यादव सापडेल. वैभवसारखा मुलगा कुणाच्याही नजरेत भरतो. उशिरा उमलणारा मुलगा मात्र कुणी पुन्हा पाहिला तरच दिसतो.