वरची पाटी कोणासाठी?



आपला कारखाना साखरेच्या एक किलो आणि पाच किलोच्या पिशव्या स्वतःच्या नावाने विकणार, आणि त्यासाठी शहरातल्या खाद्यपदार्थांच्या व्यापारी प्रदर्शनात प्रथमच स्टॉल मांडणार, हे संचालक मंडळाने जाहीर केले आहे. निर्णय चांगला आहे. पण स्टॉल ठरला तशी एक चर्चा काट्यावर, सोसायटीत, चहाच्या टपरीवर सुरू झाली आहे. स्टॉलच्या डोक्यावर, हॉलच्या छतापासून जी मोठी पाटी टांगायची, तिच्यावर काय असावे? कोणी म्हणतो संस्थापकांचा फोटो पाहिजे. कोणी म्हणतो चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सगळे संचालक ओळीने पाहिजेत. कोणी म्हणतो कारखान्याचे पूर्ण नाव, पोस्ट, तालुका, जिल्ह्यासकट पाहिजे. एकजण तर म्हणाला, "एवढा खर्च करतोय, तर दिसू दे की सगळ्यांना!"

दिसू दे, हे खरे. पण कोणाला आणि काय, हा प्रश्न आहे. पाटीचा खर्च शेवटी आपल्या उसाच्या टनामागूनच जाणार आहे, म्हणून सभासदाने यात तोंड घालायला हरकत नाही.

आधी हे पाहू की आपल्याला नावाची गरज का पडली. आजवर आपली साखर टेंडरने गेली. पन्नास किलोच्या पोत्यात भरायची, व्यापाऱ्याने उचलायची, की आपला संबंध संपला. पुढे शहरात ती कोणाच्या पिशवीत शिरली, कोणाच्या नावाने विकली गेली, हे आपल्याला कधी कळले नाही. सरकारने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये केला. त्यामुळे कारखान्याच्या दारात भाव कोसळायला आळा बसला, हे मान्य. पण त्यापुढे दुकानाच्या फळीपर्यंत जे दोन पैसे वाढतात, ते ज्याचे नाव पिशवीवर असते त्याच्याकडे जातात. ऊस आपला, घाम आपला, साखर आपली आणि नाव दुसऱ्याचे. ही रीत थोडी तरी बदलावी म्हणून हा खटाटोप आहे.

सहकारात नाव कसे कमवावे, याचे धडे आपल्या शेजारीच आहेत. गुजरातेत आणंदला १९४६ साली जो संघ निघाला, त्याचे नाव कैरा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. हे नाव किती गिऱ्हाइकांना ठाऊक आहे? 'अमूल' मात्र पोराटोरांना ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. मुंबईची गृहिणी त्याला 'गोकुळ' म्हणून ओळखते. तात्यासाहेब कोरे यांनी वारणानगरला ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांचा माल नदीच्या नावाने, नुसत्या 'वारणा' या तीन अक्षरांनी, घराघरांत गेला. यामुळे संस्थेचा किंवा संस्थापकांचा मान कमी झाला काय? उलट वाढला. माल गेला तिथे नाव गेले, आणि नावामागे माणसाची कीर्तीही गेली.

आता पाटीकडे वळू. टांगलेल्या पाटीचे काम काय, हे आपल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गावोगावच्या सासनकाठ्या येतात. गुलालात आणि गर्दीत चुकलेला माणूस मान वर करतो, आपल्या गावची काठी हेरतो आणि तिच्या रोखाने चालत आपल्या माणसांत येतो. काठीवर गावच्या पंचांची यादी लिहिलेली नसते. लांबून ओळख पटवणे एवढेच तिचे काम, आणि ते ती चोख करते.

प्रदर्शनात तसेच आहे. हॉलमध्ये शेकडो स्टॉल, गल्ल्यांमागून गल्ल्या. गिऱ्हाईक तीन अंतरांवरून आपल्याला पाहते. पहिले अंतर हॉलच्या दारापासून, शंभर फुटांवरून. तिथून त्याला फक्त छताजवळचे दिसते आणि एक-दोन शब्दच वाचता येतात. दुसरे अंतर गल्लीतून, वीस-तीस फुटांवरून. तिथे स्टॉलच्या कपाळपट्टीवरचे नाव आणि मालाचा प्रकार वाचला जातो. तिसरे अंतर टेबलाजवळचे. तिथे तो पिशवी हातात घेतो, दाणा बघतो, भाव विचारतो. टेबलाशी आलेला माणूस वर बघत नाही, आणि दाराशी उभ्या माणसाला टेबल दिसत नाही. म्हणून जे टेबलावर सांगायचे ते छताला टांगणे म्हणजे बांधावरच्या माणसाशी कानात बोलण्यासारखे आहे.

थोडा हिशेब करू. पाटी रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की, दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच धरली तर आरामात वाचता येते. शंभर फुटांवरून वाचायचे तर अक्षर किमान दहा इंच पाहिजे. आपल्या देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात. त्यांना जागा सोडावी लागते, म्हणून ही दहा इंच उंची मूळ अक्षराची धरावी. एवढे अक्षर रुंदीला सुमारे आठ इंच घेते. म्हणजे दहा फुटी पाटीवर एका ओळीत पंधरा अक्षरे मावली. आता 'सहकारी साखर कारखाना मर्यादित' एवढेच मोजून पहा. बरोबर पंधरा अक्षरे भरतात, तीही मधे जागा न सोडता. कारखान्याचे नाव अजून सुरूच झाले नाही, आणि पाटी संपली! पूर्ण नाव बसवायचे तर अक्षरे बारीक करावी लागतील, आणि बारीक अक्षरे लांबून मुंग्यांसारखी दिसतील.

फोटोंचेही तेच. शंभर फुटांवरून पंधरा-वीस चेहरे म्हणजे नुसते ठिपके. आणि क्षणभर दिसले असे धरू. दिल्लीचा मिठाईवाला, मुंबईचा हॉटेलवाला किंवा बिस्किटाच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी आपल्या संचालकांना ओळखतो काय? तो साखर शोधत आलेला असतो. एस-३० आहे की एम-३०, दाणा कसा, ओल किती, माल वेळेवर मिळेल का, हे त्याचे प्रश्न. दिल्लीत दरवर्षी मार्चमध्ये 'आहार' नावाचे खाद्यपदार्थांचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरते, तिथे देशभरचे असेच खरेदीदार येतात. बारामतीला किंवा मोशीला शेतकऱ्यांची जी प्रदर्शने भरतात त्यांची गोष्ट वेगळी. तिथे येणारा आपला भाऊबंद, तो कारखान्यांना नावानिशी ओळखतो. पण तो साखर खरेदीला येत नाही. ठिबक, बियाणे आणि औजारे बघायला येतो.

संस्थापकांचे काय, असे कोणी विचारील. त्यांचा मान राखलाच पाहिजे, यात दुमत नाही. स्टॉलच्या आत, जिथे पाहुण्याला बसवून चहा देणार, तिथे दर्शनी भिंतीवर त्यांचा एकच मोठा फोटो लावावा, खाली कारखान्याचे पूर्ण नाव आणि स्थापनेचे साल लिहावे. घरातही वडिलांचा फोटो बैठकीत असतो, कौलावर नसतो. त्याने वडिलांचा मान कमी होत नाही.

तर वरच्या पाटीवर एकच नाव असावे, जे पिशवीवर आहे तेच, त्याच अक्षरवळणात आणि त्याच रंगात. देवनागरीत मोठे, खाली इंग्रजी लिपीत, म्हणजे परप्रांतीयालाही वाचता येईल. त्याखाली एक शब्द: साखर. गर्द हिरव्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर गर्द हिरवे चालेल. पिवळ्यावर पांढरे असले खेळ नकोत. लोक चारी गल्ल्यांतून येतात, म्हणून पाटी चौकोनी किंवा गोल असावी आणि नाव सगळ्या बाजूंनी असावे. पहिल्या खेपेला मोटरवर फिरणारी पाटी नको. विजेचा खर्च वेगळा, आणि बघणाऱ्याला वाचायला हवे तेव्हाच नाव पलीकडे गेलेले.

पाटी कशाची करावी? प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा बारा मिलिमीटर जाडीचा एक तक्ता वीस-बावीस किलो भरतो. असे चार तक्ते आणि त्यांची लाकडी चौकट म्हणजे माणसांच्या डोक्यावर क्विंटलभर ओझे. त्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेले छापील कापड बरे. दहा फूट व्यासाच्या आणि चार फूट उंचीच्या गोल पाटीला सुमारे सव्वाशे चौरस फूट कापड लागते, आणि त्याचे वजन तीन किलोच्या आसपास. कापड घडी घालून जीपमध्ये येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. ते लवकर पेट न घेणारे असावे, आणि तसा दाखला पुरवणाऱ्याकडून लेखी घ्यावा; आयोजक तो मागतात. चौकट पहिल्या वर्षी भाड्याने घ्यावी, विकत फक्त कापड घ्यावे. स्टॉल फळला तर पुढे चौकटीचे पाहता येईल.

टांगण्याच्या कामात मात्र काटकसर नको. मिल हाऊसमधल्या क्रेनवर किती टन उचलायचे ते ठळक लिहिलेले असते, आणि मोळी उचललेली असताना खाली कोणी थांबत नाही, हे आपल्याला पाठ आहे. हॉलच्या छतालाही तशीच मर्यादा असते. कुठल्या कैचीला किती वजन चालेल हे हॉलवाले ठरवतात, आणि टांगायचे काम बहुधा त्यांनी नेमलेला ठेकेदारच करतो. त्याला पाटीचा नकाशा, वजन आणि टांगण्याच्या जागा प्रदर्शनाच्या काही आठवडे आधी द्याव्या लागतात. प्रत्येक टांगणीचे पैसे वेगळे पडतात, आणि उशीर झाला की दर चढतो. शिवाय स्टॉलचे सुतारकाम सुरू व्हायच्या आधी पाटी वर जावी लागते, कारण मग शिडीच्या गाडीला आत शिरायला जागा उरत नाही. म्हणजे स्टॉलमध्ये सगळ्यांत आधी पोचायला हवी ती पाटी. आपले गवंडी-सुतार तारा आणि दोऱ्या घेऊन ऐनवेळी चढवतील, या भरवशावर राहू नये. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा फलक पडून सतरा माणसे गेली. चाळीस फुटांची मर्यादा असताना तो एकशे वीस फुटांचा उभा केला होता. ते उघड्यावरचे प्रकरण, आपले छताखालचे, हे खरे. पण डोक्यावरची वस्तू मोठी करण्याची हौस कुठवर नेते, ते त्यातून दिसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तीन मीटर बाय तीन मीटरचा छोटा तयार स्टॉल घेतला तर बहुतेक ठिकाणी वर पाटी टांगू देत नाहीत. ती सवड मोठ्या, मोकळ्या जागेला असते. तात्पुरत्या मांडवातल्या प्रदर्शनात तर टांगणीला पुष्कळदा बंदीच असते. अशा वेळी केवळ पाटीसाठी चौपट जागा घेणे म्हणजे घंटेसाठी हत्ती घेणे. जागा लहान असेल तर पाटीचा नाद सोडावा, परवानगीच्या उंचीत बसणारा उभा फलक स्टॉलच्या कोपऱ्यात लावावा आणि उरलेला पैसा नमुन्याच्या पिशव्यांवर घालावा. हातात गेलेली पाव किलो साखर जे सांगते ते दहा फुटी पाटी सांगत नाही.

संचालक मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रदर्शनाची नियमपुस्तिका आणि पाटीचे कापड, चौकट, टांगणी, वीज व वाहतूक यांचे वेगवेगळे दर मागवूनच जागेचा आकार ठरवावा. एकूण आकड्यावर सही करू नये. दुसरी, कापड छापण्यापूर्वी तेवढ्याच आकाराचे नाव साध्या कागदावर काढून वजनकाट्याच्या कमानीला लावावे, आणि शंभर फुटांवर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरांना वाचायला सांगावे. त्यांनी अडखळत वाचले तर अक्षर बदलावे. तिसरी, प्रदर्शन झाल्यावर पाटीला किती खर्च आला, किती खरेदीदार स्टॉलवर आले, त्यांतल्या किती जणांनी पुढे माल मागवला, हे आकडे याच पत्रिकेत छापावेत. पुढच्या वर्षी पाटी टांगायची की नाही, ते मग आकडेच सांगतील. वाद घालायचे कारण उरणार नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद