विद्यापीठामागची लेणी आणि वसतिगृहातला रविवार

गेल्या पावसाळ्यात जात पडताळणीच्या कामासाठी एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. हिंगोली जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. नागसेनवन परिसरात तीन वर्षे राहून बी.ए. पूर्ण करत आलेला. कागदपत्रे पाहून झाल्यावर आम्ही सहज विचारले, "बुद्धलेणी पाहिलीस का रे?" त्याने मान खाली घातली. "नाही सर. मित्र गेले होते, मी नाही गेलो." का नाही गेलास? तर त्या दिवशी खिशात शंभराची एकच नोट होती आणि ती मेसवाल्याला द्यायची होती. सोबत गेले की चहा आला, नाश्ता आला, वर्गणी आली. त्यापेक्षा डोके दुखते सांगून खोलीवर झोपून राहिलेले बरे.

ज्या डोंगरात ती लेणी आहेत तो डोंगर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पाठीशीच उभा आहे. नागसेनवनातून पायी निघाले तर तासाभराची चाल. तीन वर्षे रोज डोंगर दिसतो आणि पोरगा तिथे जात नाही, कारण त्याला वाटते की फिरणे हे पैसेवाल्यांचे काम आहे.

हा एकट्याचा प्रश्न असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून आलेली आमची हजारो मुले-मुली वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत, नातेवाइकाच्या पत्र्याच्या घरात राहून शिकतात. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, स्वाधारचा हप्ता कधी येईल याचा भरवसा नाही. अशा मुलांच्या रविवारचा विचार कोण करतो? महाविद्यालय करत नाही. आणि खरे सांगायचे तर चळवळीनेही केला नाही. आम्ही त्यांना भाषणे देतो, मोर्चाला बोलावतो, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला ट्रकमध्ये बसवतो. मधल्या रविवारी ते काय करतात हे आम्ही कधी विचारले नाही.

महाविद्यालयाची सहल म्हटली की आजही आमच्या पोटात गोळा येतो. आमच्या विद्यार्थिदशेत सहल गोव्याला जायची. वर्गात यादी फिरायची आणि ज्यांना यायचे नाही त्यांनी नावापुढे कारण लिहायचे, असा दंडक होता. आम्ही "घरी लग्न आहे" असे लिहिले. पुढच्या वर्षी यादी पुन्हा आली, पुन्हा तेच लिहिले. यादी वाचणाऱ्या प्राध्यापकांनी भर वर्गात विचारले, तुमच्याकडे दर डिसेंबरात लग्न असते का? वर्ग हसला. आम्हीही हसलो. या हसण्यावर अ‍ॅट्रॉसिटी दाखल होत नाही, कोणत्या कलमात ते बसतही नाही. पण त्या दिवसानंतर पदवी हातात पडेपर्यंत आम्ही महाविद्यालयाच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नाही.

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, पोरे शिकायला आली आहेत, हिंडायला नाही. आमच्यातलेच ज्येष्ठ कार्यकर्ते हे म्हणतील. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, हे ऐकवतील. त्यांना आम्ही नम्रपणे एका सहलीची आठवण करून देऊ इच्छितो.

सन १९३४. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांपुढे इच्छा मांडली की आपण सगळे मिळून कुठेतरी प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ, मात्र तुम्ही सोबत पाहिजे. बाबासाहेबांनी होकार दिला. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. तीसेक माणसे निघाली. म्हणजे ज्या माणसाच्या डोक्यावर साऱ्या अस्पृश्य समाजाचा भार होता, त्याने कार्यकर्त्यांना "वेळ वाया घालवू नका" असे सुनावले नाही. तो त्यांच्याबरोबर सहलीला गेला.

वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने अंग धुळीने माखलेले. फाटकाबाहेर पाण्याचे टाके होते. काहींनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. मग किल्ला पाहण्यासाठी मंडळी पुढे निघाली, तेवढ्यात मागून एक वृद्ध आरडाओरडा करत आला की धेडांनी टाके बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी स्वतः त्या जमावाला सवाल केले. अखेर किल्ला पाहू दिला, पण सोबत एक सशस्त्र शिपाई दिला आणि त्याला बजावले की आत कुठेही यांना पाण्याला हात लावू द्यायचा नाही. परदेशातून बॅरिस्टर होऊन आलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस बंदुकीच्या पहाऱ्यात किल्ला पाहतो! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः नोंदवून ठेवला आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा, आणि दौलताबादच्या फाटकाशी उभे राहून वाचावा.

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी फुकट शिकवलेले नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात म्हणून. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. त्यानंतर २३ वर्षांनी संविधान लागू झाले आणि त्याच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात काय लिहिले गेले? दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे. तसेच राज्याच्या पैशावर पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा. इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही. करमणूक हा शब्द तिथे आहे, हे आमचे लोक विसरतात. विहिरीइतकाच करमणुकीच्या जागेचाही हक्क मूलभूत हक्कांत घातलेला आहे.

मात्र वकील म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या अनुच्छेदात गरिबी हा शब्द नाही. जातीवरून अडवता येत नाही, तिकिटावरून अडवता येते. आज औरंगाबाद लेण्यांना २५ रुपये, दौलताबादला २५ रुपये, वेरूळला ४० रुपये तिकीट आहे. हे तिकीट घटनाबाह्य आहे असे आम्ही कोर्टात म्हणणार नाही. न्यायाधीश आम्हाला हसून घरी पाठवतील. पण १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याचे १८ वे कलम जनतेला संरक्षित स्मारकात प्रवेशाचा हक्क देते. हक्क असा शब्द आहे, मेहेरबानी असा नाही. तो हक्क नियमांच्या अधीन आहे, आणि नियमांनी १५ वर्षांखालील मुलांना फी माफ केलेली आहे. मग महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला का नाही? १५ वर्षांच्या मुलाचे तिकीट निदान बापाच्या खिशातून तरी जाईल. १९ वर्षांच्या, घरापासून दोनशे किलोमीटर दूर राहणाऱ्या पोराचे २५ रुपये त्याच्या एका वेळच्या नाश्त्यातून जातात. ही सवलत द्यायला संसदेत कायदा करावा लागत नाही, नियमात दुरुस्ती पुरते. आमच्या खासदारांनी यासाठी एक पत्र तरी लिहावे. पत्राचा मसुदा आम्ही फुकट करून देऊ.

तोपर्यंत काय? तोपर्यंत जे फुकट आणि स्वस्त आहे, ते ताब्यात घ्यावे. आमच्या त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या चार मित्रांना घेऊन आम्ही एका रविवारी पहाटे विद्यापीठ गेटपासून पायी निघालो. हे गेट म्हणजे नुसती कमान नाही. १९७८ च्या नामांतर ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षांत किती घरे जळाली, किती माणसे मेली, हे त्या मुलांना तिथेच सांगता आले. तिकीट लागत नाही.

पुढे पायऱ्या चढून लेण्यांत. पहिली पाच एका बाजूला, सहा ते नऊ थोड्या अंतरावर पलीकडे. चौथे लेणे सर्वांत जुने, स्तूपाचे चैत्यगृह. तिसऱ्या लेण्यात आम्ही बराच वेळ बसलो. गाभाऱ्यात तथागत बसलेले आहेत आणि समोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून हात जोडलेली स्त्री-पुरुष माणसे, जवळपास खऱ्या माणसाएवढी, दगडात कोरलेली. प्रत्येकाचे शिरोभूषण वेगळे, चेहरा वेगळा. ती देव नाहीत, राक्षस नाहीत, उपासक आहेत. आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "सर, ही तर आपल्या विहारातल्यासारखी बसलीत." सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर आहे. त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेल्या माणसांची दृश्ये आहेत. आग, तलवार घेतलेला शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. मुलांनी एकेक दृश्य ओळखायचा खेळ लावला. गाईड नव्हता, लागलाही नाही. डबा सोबत होता, तो खाली उतरून झाडाखाली खाल्ला. लेण्यांत खाऊ नये, नाव कोरू नये, हे सांगावे लागले नाही. सहा माणसांचा खर्च झाला १५० रुपये तिकीट आणि ६० रुपये चहा.

मॉलमध्येही फुकट जाता येते, असे तरुण मंडळी म्हणतात. येते. पण तिथे काही विकत न घेता तासभर बसून पाहा. वॉचमन तुमच्या चपलांकडे पाहत दोन फेऱ्या मारतो. लेण्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला काय घेणार, असे कोणी विचारत नाही.

वेरूळ हा पुढचा टप्पा. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, म्हणजे मुलींना ही सहल मुलांपेक्षा स्वस्त पडते. तरी सर्वांत कमी बाहेर पडतात त्या मुलीच! वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होते, अधीक्षिकेची परवानगी, घरून फोन. आठ-दहा मुलींनी मिळून अर्ज करावा, सकाळी निघून चारच्या आत परतावे. सोबत "संरक्षणाला" भाऊ पाहिजेच, हा आग्रह आता आमच्या घरांनी सोडावा. भीमाच्या लेकी म्हणून व्यासपीठावर गौरव करायचा आणि ३० किलोमीटरवरचे वेरूळ एकटीने पाहू द्यायचे नाही, हे जुळत नाही.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध. लोक कैलास पाहतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. आपण सुरुवात एक नंबरपासून करावी आणि पाचव्या लेण्यात थांबावे. शंभर फुटांहून लांब दालन, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडाचे दोन बुटके, लांबच लांब बाक. भिक्षू इथे समोरासमोर बसून जेवत असत की पाठ करत असत, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हाला तो वर्ग वाटतो. आता या लेण्याचे लोकांत रूढ झालेले नाव पाहा. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांनी लेण्यांच्या नोंदी केल्या, त्यांत पाचव्या लेण्याला 'महारवाडा' म्हटले आहे आणि सुरुवातीच्या गटाला 'धेडवाडा'. बुद्धाच्या लेण्यांना गावकुसाबाहेरचे नाव पडले होते! दौलताबादच्या फाटकाशी बाबासाहेबांना जी शिवी ऐकावी लागली, तीच शिवी वेरूळच्या बुद्धालाही चिकटवलेली होती. हे नाव ऐकून रागवायचे की अभिमानाने मिरवायचे, यावर त्या दगडी बाकांवर समोरासमोर बसून वाद घालावा. मिलिंद आणि नागसेन यांच्या संवादावरून ज्या महाविद्यालयाला आणि परिसराला नावे मिळाली, तिथल्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको.

महाविद्यालयांकडेही आमचे एक मागणे आहे. गोव्याची सहल काढायची तर खुशाल काढा, पण प्रत्येक सत्रात एक सहल बिनपैशाची असली पाहिजे. जिल्ह्यातच, पायी किंवा एसटीने, तिकीट महाविद्यालयाच्या खर्चाने. शैक्षणिक सहलीसाठी एसटी भाड्यात सवलत देते, तिचा लाभ घ्यावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा एक कोपरा कमी केला तरी वर्षभराची तिकिटे निघतील. आणि यादी फिरवताना न येणाऱ्याला कारण विचारू नये. विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांकडे निवेदने द्यावीत, उत्तर आले नाही तर आम्हाला कळवावे.

आमचा तो विद्यार्थी आता स्वतःच पोरांना लेण्यांवर घेऊन जातो. परवा पुन्हा आला होता. पडताळणीचे प्रमाणपत्र अजून निघालेले नाही, ती लढाई चालू आहे. पण त्याचे काम वेगळेच होते. कारखान्याचा हंगाम संपला की आई येणार आहे, तिला वेरूळ दाखवायचे आहे, मंगळवारी गेले तर चालेल का, असे विचारत होता. मंगळवारी वेरूळ बंद असते. बुधवारी जा म्हणून सांगितले.