दुबार वसुलीचा हिशेब

शनिवारी संध्याकाळी पनवेलच्या उरण नाक्यावर किंवा टपाल नाक्यावर कोणत्याही किराणा दुकानात उभे राहावे. गल्ल्यापाशी ग्राहक बिलासाठी क्यूआर स्कॅन करतो, पिन टाकतो आणि मोबाइलच्या पडद्यावर चक्र फिरत राहते. साउंडबॉक्स बोलत नाही. ‘आले नाहीत हो, परत करा,’ असे दुकानदार म्हणतो. मागे रांग वाढलेली असते, कोणाची रिक्षा थांबलेली असते, कोणाच्या कडेवर मूल असते. ग्राहक पुन्हा पिन टाकतो. या वेळी आवाज येतो, पिशव्या उचलल्या जातात आणि घर गाठेपर्यंत बँकेचे दोन संदेश येऊन पडतात. रक्कम तीच, दुकान तेच, वेळेत फरक दोन मिनिटांचा. दुकानात परत जावे तर ‘बँकेत विचारा’ आणि बँकेत जावे तर ‘दुकानदाराला विचारा’, अशी दोन उत्तरे ठरलेली असतात. रक्कम चारशे-पाचशेची असेल तर माणूस नाद सोडून देतो. हजार-दोन हजारांची असेल तर खेटे घालतो. दोन्हींत पदरचे पैसे त्याचेच गेलेले असतात.

हे किरकोळ आहे असे म्हणून सोडून देण्याचे दिवस केव्हाच संपले. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. एवढ्या पसाऱ्यात हजारातला एखादा व्यवहार अडखळला, तरी त्याची झळ बसणाऱ्यांची संख्या कोटींत जाते. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय वारंवार ठप्प झाले, तेव्हा दुकानांच्या काउंटरवर काय गोंधळ उडतो, हे देशाने पाहिले. जिच्यावर भाजीवालीपासून सराफापर्यंत सगळ्यांचा रोजचा व्यवहार चालतो, ती व्यवस्था चुकणारच नाही, अशी अपेक्षा कोणी धरत नाही. अपेक्षा एवढीच आहे, की चुकीने गेलेला पैसा ज्याचा त्याला, त्याने न मागता परत मिळावा.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि ग्राहकाची फरफट तिथूनच सुरू होते. पहिला प्रकार असा, की खात्यातून पैसे ‘कट’ झाले, पण दुकानदाराच्या यंत्राला खात्रीचा संदेश पोचलाच नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, कार्ड मशीनवर किंवा यूपीआयने दुकानात दिलेले पैसे असे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप खात्यात परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हे पाच दिवस कॅलेंडरचे आहेत. रविवार आणि सणाची सुट्टीही त्यात मोजली जाते. ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून जमा करायची आहे. १५ ऑक्टोबर २०१९ पासून हा नियम लागू आहे. किती खातेदारांना तो ठाऊक आहे आणि किती शाखांतले कर्मचारी तो आपण होऊन सांगतात, हे बँकांनी स्वतःला विचारावे.

दुसरा प्रकार अधिक बिकट आहे. त्यात दोन्ही व्यवहार यशस्वी होतात. पहिला संदेश नुसता उशिरा पोचलेला असतो. तोवर ग्राहकाने दुसऱ्यांदा पैसे दिलेले असतात आणि दोन्ही रकमा दुकानदाराच्या खात्यात जमा झालेल्या असतात. बँकेच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेले नाही. पिन बरोबर, खाते बरोबर, रक्कम बरोबर. त्यामुळे पाच दिवसांची मुदतही इथे लागत नाही आणि रोजच्या १०० रुपयांची भरपाईही लागत नाही. ग्राहक मात्र ‘दोन दिवसांत येतील परत’ या शब्दावर विसंबून राहतो. पैसे अडकलेले नसून पोचलेले आहेत, हे कळेपर्यंत आठवडा उलटतो आणि दुकानदारालाही तो चेहरा आठवेनासा होतो.

पोचलेल्या या दुसऱ्या रकमेवर दुकानदाराचा हक्क काय? काहीही नाही. भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते, की चुकीने दिला गेलेला पैसा ज्याला मिळाला, त्याने तो परत केलाच पाहिजे. हा कायदा १८७२ चा आहे. तेव्हा क्यूआर नव्हता, कार्ड नव्हते, पण माणसे तेव्हाही चुकून दोनदा पैसे देत होती. दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने ज्याच्या हाती पैसा गेला त्याच्यावर परतफेडीची जबाबदारी टाकली. आज यंत्रे आली आणि ती जबाबदारी नकळत ज्याचा पैसा गेला त्याच्या गळ्यात आली. त्यानेच पासबुक काढायचे, त्यानेच स्क्रीनशॉट जमवायचे, त्यानेच उंबरठे झिजवायचे. ही उलटी रीत आता मोडली पाहिजे.

दुकानदारांची बाजूही इथे नोंदवायला हवी. बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन पसार होणाऱ्या भामट्यांनी छोट्या व्यापाऱ्यांना पोळले आहे. साउंडबॉक्स बोलल्याशिवाय माल न देण्याची सवय त्यातूनच लागली. दिवसभरात शे-दोनशे छोटे व्यवहार होणाऱ्या दुकानात रात्री एकेक नोंद ताडून पाहणे सोपे नसते. खाते मालकाच्या मुलाच्या नावावर असते आणि गल्ल्यावर बसणाऱ्या नोकराला त्यातले काही दिसत नाही. बहुतेक व्यापारी प्रामाणिक असतात आणि नोंद दाखवली की पैसे परत करतात. पण परतावा प्रामाणिकपणाच्या भरवशावर सोडून चालत नाही. ओळखीच्या ग्राहकाला पैसे मिळतात. बाहेरगावचा प्रवासी, स्थानकावर उतरून पुढे कोकणात जाणारा माणूस, भाड्याने राहणारा कामगार यांना ते मिळतीलच असे नाही. विमानतळ सुरू झाल्यानंतर या शहरात अनोळखी ग्राहकांची ये-जा वाढत जाणार आहे, हेही पनवेलच्या व्यापारीपेठेने लक्षात घ्यावे.

एकाच गोष्टीचे दोनदा पैसे म्हणजे काय, हे पनवेलकरांना शिकवायला नको. महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली आणि पुढे त्या तारखेपासूनच्या मालमत्ता कराची बिले सिडकोच्या वसाहतींत येऊन पडली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलच्या रहिवाशांचा सवाल साधा होता. त्याच काळातल्या सेवांसाठी सिडकोला सेवा शुल्क भरले असताना पुन्हा कर कशाचा? हा दुहेरी कराचा वाद मोर्चांत गेला, सभागृहात गेला, उच्च न्यायालयातही गेला. त्याच्या गुणदोषांत इथे शिरण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र त्यातून दिसली. तिथे हजारो घरांचे दुखणे एकच होते, म्हणून त्याला आवाज मिळाला. दुकानात दुबार पैसे गेलेला ग्राहक एकटा असतो. त्याची रक्कम छोटी असते आणि म्हणूनच त्याच्या मागे कोणी उभे राहत नाही.

अशा एकट्या ग्राहकांना एकत्र आणण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि घराघरांतल्या बायकांचे संघ करून महिन्याचा किराणा थेट वाटण्याची पद्धत तिने रुजवली. ग्राहक संरक्षणाचा कायदा देशात १९८६ मध्ये आला. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी मराठी माणसाने हे काम हाती घेतले होते. वजनकाट्यातली खोट आणि तेलातली भेसळ हे त्या पिढीचे विषय होते. आजच्या पिढीचा विषय पडद्यावरचे दोन व्यवहार आहे. ग्राहक संघटनांनी तो तितक्याच जोमाने घ्यायला हवा.

ज्याचे पैसे आज गेले आहेत, त्याने काय करावे? सर्वांत आधी खात्याचे विवरण उघडून दोन्ही व्यवहारांचा बारा अंकी संदर्भ क्रमांक पाहावा. दोन क्रमांक वेगळे असतील आणि दोन्हींपुढे ‘यशस्वी’ असेल, तर पैसे दुकानदाराकडे पोचले असे समजून त्याच दिवशी दुकान गाठावे. कार्डाचा व्यवहार त्या दिवसाची बॅच बंद होण्याआधी दुकानदार मशीनवरूनच रद्द करू शकतो. त्याला ‘व्हॉइड’ म्हणतात. यूपीआयच्या अनेक व्यापारी अ‍ॅपमध्येही परताव्याची सोय असते. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर आपल्या अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय देशभर एकच आहे आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुकानदाराविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते. पक्के बिल मात्र प्रत्येक वेळी मागून घ्यावे. बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. पैसे परत मिळवण्याच्या घाईत लोक इंटरनेटवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतात आणि ठगांच्या तावडीत सापडतात. परतावा घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि कोणतेही अ‍ॅप उतरवून घ्यावे लागत नाही. तसे सांगणारा माणूस तिसऱ्यांदा पैसे काढायला बसला आहे, असे समजून फोन ठेवावा. क्रमांक घ्यायचा तो कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरूनच.

एवढे करूनही पैसे मिळाले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. पण रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पनवेलहून सत्तर-ऐंशी किलोमीटर जायचे, दिवसाची रजा टाकायची आणि दीड हजारासाठी भांडायचे, हे कोणत्या पगारदाराला परवडेल? नव्या कायद्याने ऑनलाइन तक्रार आणि व्हिडिओद्वारे सुनावणीची दारे उघडली आहेत. ती कागदावर न राहता चालती ठेवणे हे शासनाचे काम आहे. जिल्ह्यातली एकमेव महापालिका असलेल्या पनवेलमध्ये आयोगाने ठरावीक दिवशी बैठक घ्यावी, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

खरा उपाय मात्र वरच्या पातळीवर आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या नियमाची कक्षा वाढवावी. एकाच खात्यातून, एकाच दुकानाला, तीच रक्कम काही मिनिटांत दोनदा गेली असेल तर ती संशयित दुबार वसुली मानावी. दुकानदाराला ताबडतोब सूचना जावी, ठरावीक दिवसांत त्याने दुसऱ्या विक्रीचे बिल दाखवावे आणि दाखवता आले नाही तर रक्कम परत जावी. हे तंत्रज्ञानाला अवघड नाही. प्रत्येक बिलासाठी वेगळा क्यूआर निघाला तर एका बिलावर दोनदा पैसे घेता येत नाहीत. मोठ्या दुकानांत आणि मॉलमध्ये तो सक्तीचा करावा. भिंतीवर चिकटवलेला एकच क्यूआर वापरणाऱ्या छोट्या दुकानात निदान अ‍ॅपने ‘याच दुकानाला हीच रक्कम आत्ताच दिली आहे’ असे विचारून थांबावे. दुकानांना मशीन आणि क्यूआर पुरवणाऱ्या पेमेंट कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नियमनाखाली आणले आहे. परताव्याची कालमर्यादा त्याच नियमांत बसवता येईल.

पनवेलच्या व्यापारी संघटनांना कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. ‘दुबार पैसे आल्यास तीन दिवसांत परत’ अशी पाटी प्रत्येक दुकानात लागावी आणि रात्री गल्ला मोजताना अ‍ॅपमधल्या नोंदी एकदा नजरेखालून घालाव्यात. पेठेची पत अशाच गोष्टींनी वाढते. ग्राहकांनीही ‘जाऊ दे’ म्हणणे सोडावे. पाचशे रुपयांची तक्रार नोंदवणारा माणूस चिकट नसतो. त्याच्या नोंदीमुळेच यंत्रणेला आपला दोष दिसतो आणि पुढच्या शंभर जणांचे पैसे वाचतात. दुसऱ्यांदा घेतलेला पैसा दुकानाचा नाही, बँकेचा नाही आणि पेमेंट कंपनीचाही नाही. तो ज्याचा आहे त्याच्या खात्यात, त्याने हात न पसरता परत गेला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने तसा नियम करावा आणि तो होईपर्यंत व्यापाऱ्यांनी तो आपणहून पाळावा.