वीस इंची अक्कल

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या अमेरिकन गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून भरते आहे. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. आता शर्यती नाहीत, प्रदर्शन आहे. १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो हळूहळू समोरून जाते. रंगावर मालकाने एखादी नवी गाडी आली असती एवढा पैसा ओतलेला असतो, इंजिन नुसतं गुरगुरलं तरी छातीत कळतं. आणि मडगार्डखाली काय, तर वीस इंची रिम. त्यावर रबर एवढंसं की बैलगाडीच्या चाकावर धाव चढवावी तसं. त्या आऱ्यांच्या फटींतून आत डोकावलं तर साडेनऊ इंचांचा मूळचा ड्रम ब्रेक दिसतो. पन्नास वर्षांपूर्वी जो बिचारा झाकला गेला होता, त्याची आज भर रस्त्यात शोभा चाललेली असते.

हे पाहून मला जो संताप येतो तो बायकोला कळत नाही. ती म्हणते, लोकांच्या गाड्या, लोकांचे पैसे. खरं आहे. पण रस्ता सगळ्यांचा आहे, आणि ती गाडी उद्या माझ्याच मागे येऊन थांबायचा प्रयत्न करणार आहे.

हिशेब अगदी साधा आहे. टायरवर २८५/३० आर २० लिहिलेलं असतं. २८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ३० टक्के साइडवॉलची उंची. म्हणजे ८५ मिलिमीटर. याच गाडीवर २३५/६० आर १५ लावला तर ही उंची १४१ मिलिमीटर भरते. मधले ५५ मिलिमीटर गेले कुठे? लोखंडात, नाहीतर अ‍ॅल्युमिनियममध्ये गेले. ज्या इंजिनिअरांनी ही गाडी काढली त्यांच्या हिशेबात टायर हीसुद्धा एक स्प्रिंग होती. मागची पानांची स्प्रिंग, रबरी बुश, आणि त्याखाली ती फुगीर साइडवॉल, या सगळ्यांनी मिळून खड्डा खायचा होता. तुम्ही शेवटची पायरी काढून टाकलीत. आता मिशिगनचा खड्डा थेट रिमला भेटतो. आणि मिशिगनचे खड्डे ज्याने पाहिले नाहीत त्याने मुंबई-गोवा महामार्गाच्या गप्पा मला सांगू नयेत. इथे दर हिवाळ्यात पाणी गोठतं, वितळतं आणि डांबर उखडून जातं.

शिवाय वजन. मोठी रिम बहुधा जड, आणि ते वजन चाकाच्या कडेकडे गेलेलं. फिरणाऱ्या वस्तूच्या कडेला वजन असलं की तिला पळवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही. थांबवणार कोण? तोच साडेनऊ इंचांचा ड्रम.

नोव्हायमध्ये राहणाऱ्या, आमच्या मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या एका मुलाने अशीच गाडी उभी केली. “काका, लुक बघा ना!”

म्हटलं, “लुक दिसतोय रे. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून दाखव.”

त्याने वळवलं. टायर आतल्या पत्र्यावर खर्रकन घासला.

“एवढं कुठे कोण वळवतं?” म्हणाला.

पार्किंगमध्ये वळवतात बाळा. अपघात टाळताना वळवतात. गाडी वळते तितकी वळू द्यायची नाही, आणि वर तिला शर्यतीची गाडी म्हणायचं.

आता दुसऱ्या टोळीकडे वळतो, कारण वीस इंचवाल्यांना शिव्या घातल्या की हे लोक मागे बसून माना डोलावत असतात. हे शुद्धतावादी. यांच्या लेखी कारखान्यातून जे चाक आलं ते देवाने दिलेलं. रिमवरचा ठसा, तारखेचा शिक्का, टायरवरची पांढरी अक्षरं, सगळं १९७० सालचं हवं. त्यासाठी जुन्या साच्यांतून नव्याने काढलेले बायस-प्लाय, म्हणजे तिरकस धाग्यांच्या जुन्या बांधणीचे, टायर मिळतात, आणि हे ते लावतात. गाडी ट्रेलरवर घालून प्रदर्शनाला न्यायची, हिरवळीवर उभी करायची आणि परत आणायची असेल तर माझी काहीच हरकत नाही. ती वस्तुसंग्रहालयाची नोकरी आहे, मान देतो. पण हे लोक ती चालवतात. आणि चालवताना सांगतात की कारखान्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

कारखान्याला कळत होतं हे मलाही मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, कारखान्याने जे सर्वांना दिलं ते बघू नका, ज्याला जिंकायचं होतं त्याला काय दिलं ते बघा. १९६४ साली जॉन डीलोरियन आणि त्याच्या पॉन्टियॅकमधल्या सोबत्यांनी मध्यम बांध्याच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंची इंजिन घातलं, नाव ठेवलं जीटीओ. मग सगळ्या कंपन्यांनी तोच धंदा केला: कुटुंबाची स्वस्त गाडी घ्यायची आणि पुढे राक्षस बसवायचा. राक्षस मोठा होत गेला; चाकं कुटुंबाचीच राहिली. १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये ४५४ घनइंचांचं एलएस-६ इंजिन आलं, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ४५० अश्वशक्तीचं. त्याखाली टायर कोणता? एफ७०-१४. चौदा इंची. एक्सिलेटरवर पाय नीट ठेवला तरी धूर निघेल असा. हा काही अभियांत्रिकीचा चमत्कार नव्हे. हा हिशेबनिसाचा निर्णय आहे, आणि तुम्ही त्याला पन्नास वर्षं हार घालता आहात.

त्याच कारखान्यात १९६९ च्या साध्या कॅमॅरोला चौदा इंची चाक मिळत होतं आणि ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींसाठी काढलेल्या झेड/२८ ला पंधरा इंची, सात इंच रुंद. १९६४ मध्ये मस्टँग बाजारात आली तेव्हा खालच्या मॉडेलची चाकं तेरा इंची होती. पुढच्याच वर्षी कॅरोल शेल्बीने तिची जीटी ३५० केली तेव्हा त्याने पंधरा इंची घातली. म्हणजे माहिती होतं. पैसे वाचवायचे होते.

आणि टायर? त्या काळात टायर हीच या गाड्यांची खरी लगाम होती. सप्टेंबर १९६९ मध्ये टालाडेगाचा नवा ट्रॅक उघडला. तिथल्या वेगात टायर टिकेनात, चिंध्या व्हायला लागल्या, आणि रिचर्ड पेटीसह बहुतेक नावाजलेल्या ड्रायव्हरांनी शर्यतीवर बहिष्कार घालून सामान आवरलं. त्या काळच्या सर्वांत धाडसी माणसांनी त्या काळच्या टायरांवर विश्वास ठेवायला नकार दिला. आमचे शुद्धतावादी मात्र त्याच बांधणीचे टायर हौसेने घालून मुलाबाळांना आइस्क्रीम खायला नेतात.

रेडियल टायर अमेरिकेत उशिरा रुळला. मिशेलिनने तो युरोपात चाळीसच्या दशकातच आणला होता. अमेरिकन कंपन्या मात्र आपली यंत्रं बदलायची नाहीत म्हणून पंचवीस वर्षं अडून बसल्या. १९७० च्या लिंकन काँटिनेंटल मार्क ३ वर तो पहिल्यांदा सर्रास, पर्याय म्हणून नव्हे, कारखान्यातूनच बसवून आला. तोवर मसल कारचा, म्हणजे या राक्षसी इंजिनांच्या गाड्यांचा, हंगाम संपत आला होता. म्हणजे या गाड्यांची पुढची बैठक, त्यातले कोन, सगळं बायस-प्लाय टायर गृहीत धरून ठरवलेलं आहे. जुन्या पुस्तकात कास्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल, शून्याच्या आसपास दिलेला असतो, काही गाड्यांत तर उणे. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत बाईमाणसाला चाक फिरवता यावं (त्या काळच्या जाहिरातवाल्यांचा शब्द, माझा नव्हे, माझी आई बुलडोझरही फिरवू शकली असती) म्हणून हा आकडा. आज रेडियल टायर घालून तोच कोन ठेवला तर गाडी सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे हुंगत फिरते, वळून सरळ व्हायचं नाव घेत नाही. कास्टर अधिक चार-पाच अंशांवर न्यावा लागतो, आणि काही गाड्यांत त्यासाठी वरची आर्म बदलावी लागते. रिमला तीन हजार डॉलर मोजणारा माणूस अलाइनमेंटच्या शे-दीडशे डॉलरांसाठी कुरकुर करतो. मग चार महिन्यांत आतली कड झिजली की टायर कंपनीच्या नावाने बोंब मारायला मोकळा.

मग लावायचं काय? मला हा प्रश्न विचारणारे नेहमी रिमचं नाव विचारतात. टॉर्क थ्रस्ट घेऊ की क्रेगर? ‘बुलिट’मधल्या स्टीव्ह मॅक्वीनच्या मस्टँगवर होती तीच हवीत. (त्या सिनेमात पाठलागातल्या डॉज चार्जरच्या चाकांवरून चारांपेक्षा जास्त टोप्या उडतात, एवढंच सांगतो. सिनेमावरून चाकं निवडायची असतील तर निवडा.) रिमचं नाव ही शेवटची गोष्ट आहे. आधी उंची ठरते.

मूळ टायरची एकूण उंची मोजा आणि तिला चिकटून राहा. २३५/६० आर १५ ची उंची साधारण ६६.३ सेंटिमीटर. २५५/४५ आर १७ ची ६६.१. २४५/४० आर १८ ची ६५.३. तिन्ही एकाच घरातले. आता मागे दणकट दिसावं म्हणून एखादा २७५/६० आर १५ ठोकतो. उंची ७१.१. सात टक्के वाढली. स्पीडोमीटर साठ मैल दाखवतो तेव्हा गाडी चौसष्टने चाललेली असते, ते पोलीस समजावून सांगेल. त्याहून मजा म्हणजे एक्सलचा ३.५५ चा गिअर आता ३.३१ असल्यासारखा वागतो. याच माणसाने मागच्या उन्हाळ्यात जास्त जोराने सुटावं म्हणून पैसे देऊन तो ३.५५ चा गिअर बसवून घेतलेला असतो.

नंतर जागा. आणि इथे विकणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण “बसतं हो, सगळे बसवतात” हे वाक्य मी जितक्या दुकानांत ऐकलंय तितक्या दुकानांत मोजपट्टी पाहिलेली नाही. जनरल मोटर्सच्या या गाड्यांचं पाच नटांचं वर्तुळ पावणेपाच इंचांचं, फोर्डचं आणि क्रायस्लरच्या बहुतेकांचं साडेचार इंचांचं. पाव इंचाचा फरक, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘दोन्हींना चालेल’ अशी लांबट भोकांची रिम बाजारात आली. ती मी शत्रूलाही देणार नाही. डॉज डार्टसारख्या लहान गाड्यांचं वर्तुळ तर चारच इंचांचं. सहा सिलिंडरच्या जुन्या मस्टँगला चारच नट. क्रायस्लरच्या १९७० पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट आट्यांचे असतात, हे ठाऊक नसलेला जवान पान्यावर उभा राहून उड्या मारतो आणि शेवटी बोल्ट तोडूनच खाली येतो.

आणि बॅकस्पेसिंग, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून बसायच्या तोंडापर्यंतचं अंतर. आठ इंची रिम कडेपासून कडेपर्यंत खरी सुमारे नऊ इंच भरते. साडेचार इंच बॅकस्पेसिंग असेल तर तोंड बरोबर मध्यावर. यात पाव इंच इकडेतिकडे झालं तर आत स्प्रिंगला घासतं नाहीतर बाहेर मडगार्डला. बरं, या गाड्या हाताने जुळवलेल्या. मागचा एक्सल अगदी मध्यावर असेलच असं नाही. डावीकडे बोटभर जागा सापडते, उजवीकडे अर्धंच बोट. म्हणून दोन्ही बाजू मोजा, गाडीचं वजन चाकांवर असताना मोजा, पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून मोजा. हे न करता रिम मागवायची आणि मग मध्ये स्पेसर घालून ती बाहेर ढकलायची, याला लोक ‘स्टान्स’ म्हणतात. चाक बाहेर ढकललं की स्टिअरिंग ज्या आसाभोवती फिरतं त्यापासून टायर दूर जातो, आणि रस्त्यावरची प्रत्येक खाच तुमच्या हातातून चाक ओढून घेते.

मोठ्या चाकाचं एकच प्रामाणिक कारण मला मान्य आहे, आणि तेही दोन पायांवर उभं आहे. पहिला पाय ब्रेक. तेरा इंची डिस्क आणि मोठा कॅलिपर लावायचा तर सतरा इंची रिम लागते. पंधरात तो मावत नाही. दुसरा पाय रबर. पंधरा इंचांत पांढऱ्या अक्षरांचे सुंदर टायर मिळतात, पण बहुतेक ‘एस’ दर्जाचे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचे, कडक रबराचे. चिकट, ओल्या रस्त्यावर धरून ठेवणारं चांगलं रबर बनवणाऱ्यांनी पंधरा इंच जवळजवळ सोडूनच दिले आहेत. म्हणून ज्याने ब्रेक बदललेत, स्प्रिंगा बदलल्यात, गाडी खरोखर वळवायची आहे, त्याने सतरा किंवा अठरा घ्यावेत. मार्क स्टीलोसारख्या माणसांनी जुन्या कॅमॅरो ट्रॅकवर नव्या गाड्यांच्या बरोबरीने पळवून दाखवल्या, त्या अशा रीतीने. बाकी ज्यांचे ड्रम मूळचे, ज्यांचा प्रवास रविवारचा, त्यांनी पंधरा बाय सात घ्यावी आणि गप्प बसावं. त्यांच्या गाडीला ती शोभतेही, पण हा मुद्दा मी मांडणार नव्हतो.

वीस इंच या दोन्ही कारणांत कुठेही बसत नाहीत.

आणि एक गोष्ट सगळ्या टोळ्यांत समान आहे. या गाड्या वर्षाला पाचशे-हजार मैल चालतात. त्यामुळे टायरची नक्षी कधी झिजत नाही आणि मालक मोठ्या अभिमानाने सांगतो, “नव्यासारखे आहेत.” खाली वाका. साइडवॉलवर डीओटी लिहिलंय, त्याच्या शेवटचे चार आकडे वाचा. २३१६ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर नुसतं उभ्या-उभ्याही कडक होतं, आतून सुटत जातं. चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालच्या आधीचा आहे. असे टायर मी चारशे अश्वशक्तीच्या गाड्यांखाली पाहिलेले आहेत, चकचकीत नव्या रिमवर चढवलेले. त्यांचे मालक मला चक्कर मारायला बोलावतात. मी चालत घरी जातो.