शर्यत संपली, आता चालायला शिकू!

दोस्तांनो, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला तुमच्यापैकी कोण कोण जाते? शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. परभणी, पालम, गंगाखेडकडची मंडळीही हौसेने जातात. तिथे एखादा घोडा बुजून मागच्या पायांवर उभा राहिला की लोक लगेच म्हणतात, ‘द्वाड आहे बरं का!’ आज अशाच एका ‘द्वाड’ ठरणाऱ्या घोड्याची ओळख करून घेऊ. हा आहे शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा.

आपल्या परभणीत रेसकोर्स नाही. महाराष्ट्रात घोड्यांच्या मोठ्या शर्यती होतात त्या मुंबईत आणि पुण्यात. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स तर १८८३ सालचे. तिथे धावणारा थरोब्रेड जातीचा घोडा साधारण ४५० ते ५०० किलो वजनाचा असतो आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने पळतो! दोन वर्षांचा झाला की तो शर्यतीत उतरू शकतो. बहुतेकांची धाव ५-७ वर्षांच्या वयात संपते. पण घोडा जगतो २५-३० वर्षे. मग पुढची वीस वर्षे त्याने करायचे काय? रपेटीचे नवे काम शिकला, तर कुणीतरी त्याला मायेने सांभाळेल. नाही शिकला, तर या हातातून त्या हातात विकला जाईल. म्हणून हे शिक्षण त्याच्यासाठी फार मोलाचे.

तुम्ही म्हणाल, ‘घोडा तर शिकलेलाच आहे की! खोगीर घातले, बसले, झाले!’ छे, इथेच तर गंमत आहे. शर्यतीत लगाम ताणला गेला की त्यावर भार टाकून तो आणखी जोरात पळायला शिकलेला असतो. आता नवखा स्वार घाबरून लगाम ओढतो आणि घोडा सुसाट सुटतो. स्वार ओरडतो ‘थांब’, घोड्याला ऐकू येते ‘पळ’! शिवाय जॉकी पुष्कळदा चालत्या घोड्यावरच चढतो, त्यामुळे स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहणे त्याला ठाऊक नसते. मुंबई-पुण्याच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, म्हणून डावीकडे वळताना तो अवघडतो. सरावाला नेहमी सोबत, म्हणून एकटा निघाला की बावरतो. सांगा बरं, यात त्याचा द्वाडपणा कुठे आला?

महालक्ष्मीच्याच आवारातल्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये असे निवृत्त घोडे रपेटीसाठी तयार करतात. हे काम कसे चालते, पाहा.

सुरुवातीला नुसता आराम. दाणा कमी, गवत भरपूर, आणि सोबतीला एखादा शांत घोडा. दाण्याने अंगात आलेला जोर आणि दिवसभर तबेल्यात कोंडून राहणे, या दोन्हींमुळे घोडा अधिकच चुळबुळतो. मग रोज खरारा. मानेखाली, आयाळ संपते तिथे खाजवले की घोडा शांत होतो. घोडेही एकमेकांना तिथेच खाजवतात! पुढे लांब दोरीला धरून गोल फिरवायचे, दोन्ही दिशांनी. ‘चल’ आणि ‘थांब’ हे शब्द शिकवायचे. सांगितल्याप्रमाणे तो थांबला की त्याच क्षणी दोरी सैल सोडायची. ही सैल दोरी म्हणजेच त्याची शाबासकी.

आता बुजण्याचे बघू. समजा, घोडा प्लॅस्टिकच्या पिशवीला घाबरतो. पिशवी लांब ठेवायची, त्याला मनसोक्त बघू द्यायची. कान ताठ, मान वर, नाकपुड्या फुगलेल्या असतील तर आणखी जवळ जायचे नाही. मान खाली आली, श्वास संथ झाला की एक पाऊल पुढे. उद्या आणखी एक. स्वार पाठीवर बसतो तो यानंतर, आणि तेव्हाही आधी नुसती चाल, मग दुडकी. भरधाव पळणे सगळ्यात शेवटी. या सगळ्याला काही महिने लागतात, एखाद्याला वर्षही.

‘एक चाबूक ओढला की झाले’ असे कुणी म्हणेल. पण सुमारे २३५० वर्षांपूर्वी ग्रीसच्या झेनोफनने घोड्यांवरच्या पुस्तकात बजावून ठेवले आहे, की बुजलेल्या घोड्याला मारले तर भीती वाढते. घोड्याला वाटते, हे दुखणे त्या वस्तूमुळेच! आपल्याकडे घोडे तयार करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. पण चांगल्या चाबूकस्वाराचा चाबूक बहुधा खुंटीलाच असतो.

आणि धीराचे फळ केवढे मिळू शकते? अमेरिकेतली ‘टच ऑफ क्लास’ ही घोडी सहा शर्यती धावली, एकही जिंकली नाही. मग ती अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकली. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये तिने ९१ पैकी ९० अडथळे न पाडता पार केले आणि दोन सुवर्णपदके मिळवून दिली! शर्यतीत हरलेली घोडी, बरं का!

तेव्हा यात्रेत किंवा वरातीत घोडा दिसला, तर मोठ्यांना आणि घोडेवाल्या काकांना विचारूनच जवळ जा. अगदी समोरून किंवा मागून जाऊ नका, तिथले त्याला नीट दिसत नाही. बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जा. त्याच्याजवळ फटाका तर मुळीच नको!

आणि आई-बाबांनो, फळ्याजवळ जायला घाबरणारे एखादे पोर तुमच्याही घरात असेल. त्यालाही ‘द्वाड’ किंवा ‘ढ’ म्हणण्याआधी एकेक पाऊल जवळ जाऊ द्या. दोरी जरा सैल सोडून तर बघा!